लिपस्टिकने लिहिलेले नाव : ‘न्यूयॉर्क डॉल्स’ आणि ग्लॅम रॉकच्या वारशाचा प्रश्न

२७ जुलै १९७३ रोजी मर्क्युरी या अमेरिकन कंपनीने ‘न्यूयॉर्क डॉल्स’ नावाच्या पाच तरुणांच्या बँडचा पहिला अल्बम त्याच नावाने बाजारात आणला. बिलबोर्डच्या विक्रीयादीत तो ११६व्या क्रमांकापर्यंत कसाबसा चढला आणि खाली घसरला. लाखभर प्रती खपल्या ही गोष्ट एखाद्या छोट्या कंपनीच्या दृष्टीने समाधानाची ठरली असती. परंतु मर्क्युरीने या बँडवर जेवढा गाजावाजा केला होता आणि बँडने जेवढा खर्च करून ठेवला होता, त्या हिशेबात हा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरला. तरीही पन्नास वर्षांनंतर रॉक संगीताचा कोणताही जाणता इतिहास या अल्बमला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. ज्याला थोडेच पण कडवे भक्त लाभतात आणि ज्याची कीर्ती खपाशी फटकून वाढत जाते, अशा कलाकृतीला ‘कल्ट’ म्हणतात. त्या अर्थाने हा ग्लॅम रॉकमधला नमुनेदार कल्ट अल्बम होय. मात्र त्याची थोरवी कशात आहे याविषयी त्याच्या भक्तांत एकवाक्यता नाही. कोणी त्याला पंक रॉकचा, म्हणजे पुढे आलेल्या रागीट, ओबडधोबड रॉकचा, पहिला हुंकार मानतो, कोणी ग्लॅमच्या लाटेची अमेरिकेतली फसलेली आवृत्ती म्हणतो, तर कोणाला त्यात साठच्या दशकाच्या आरंभीच्या साध्या रॉक अँड रोलची आठवण ऐकू येते.

या मतांचा निवाडा करण्याआधी ग्लॅम रॉक म्हणजे काय हे पाहणे भाग आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस रॉक संगीत फार गंभीर झाले होते. वीस-वीस मिनिटांच्या रचना, वादनातले पांडित्य, जीन्स आणि वाढलेल्या दाढ्या यांतून ‘आम्ही खरे आहोत, सोंगे करत नाही’ असा एक सोवळेपणा त्यात आला होता. मार्च १९७१ मध्ये टी. रेक्सचा मार्क बोलन ‘हॉट लव्ह’ गाण्यासाठी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात साटीनचे कपडे घालून आणि डोळ्यांखाली चकाकीचे ठिपके लावून आला, तेव्हा हा सोवळेपणा पहिल्यांदा जाहीरपणे मोडला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढच्या वर्षी डेव्हिड बोवीने ‘झिगी स्टारडस्ट’ हे परग्रहावरचे पात्रच उभे केले, रॉक्सी म्युझिकने जुन्या हॉलिवुडची झगमग आधुनिक कलाशाळेच्या बुद्धीशी जोडली आणि स्लेड व स्वीट यांनी तोच नखरा कामगारवस्तीतल्या पोरांच्या टाळ्यांच्या ठेक्यावर बसवला. सोंग हे सोंग म्हणूनच वठवायचे, स्त्री-पुरुष वेशातली सीमारेषा मुद्दाम पुसायची आणि तीन मिनिटांच्या खटकेबाज गाण्याला पुन्हा मान मिळवून द्यायचा, ही या पंथाची तीन लक्षणे सांगता येतील. इंग्लंडमधल्या ग्लॅमचे चौथे लक्षण सहसा कोणी सांगत नाही. ते म्हणजे सफाई. बोलनच्या तबकड्या घडवणारा टोनी व्हिस्कॉन्टी किंवा बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सन यांच्या कामात तंतुवाद्यांच्या मांडणीपासून गिटारच्या सुरापर्यंत सगळे घासूनपुसून लखलखीत केलेले असे. डॉल्सचे वेगळेपण नेमके इथे सुरू होते.

हा बँड १९७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जमला. त्यातले बहुतेक जण मॅनहॅटनच्या झगमगाटातले नव्हतेच. ते नदीपलीकडच्या, उपनगरी म्हणाव्या अशा भागांतून आलेले होते. गायक डेव्हिड जोहान्सन स्टेटन आयलंडचा, गिटारवादक जॉनी थंडर्स क्वीन्सच्या इटालियन वस्तीतला आणि बास वाजवणारा आर्थर केन ब्रॉन्क्सचा. दुसरा गिटारवादक सिल्व्हेन सिल्व्हेन कैरोत जन्मलेल्या ज्यू कुटुंबातला, तर पहिला ड्रमवादक बिली मर्सिया कोलंबियात जन्मलेला. सिल्व्हेन आणि मर्सिया यांनी आधी ‘ट्रुथ अँड सोल’ नावाने विणलेल्या कपड्यांचा छोटा धंदा केला होता, आणि बँडचे नावही कपड्यांच्या दुकानात काम करत असतानाच सिल्व्हेनला सापडले. त्या दुकानासमोर लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर ‘न्यूयॉर्क डॉल हॉस्पिटल’ ही मोडक्या बाहुल्या दुरुस्त करून देणारी जागा होती. पुढे या बँडविषयी जे काही लिहिले गेले, त्यातले पुष्कळसे या पाटीत आधीच सामावलेले आहे. इंग्लंडचा ग्लॅम नव्याकोऱ्या बाहुलीसारखा होता. डॉल्सचा ग्लॅम जुन्या बाजारातून उचललेल्या, एक हात निखळलेल्या आणि पुन्हा रंग फासून उभ्या केलेल्या बाहुलीसारखा होता, आणि ते रंग फासणे लपवण्याची त्यांना गरज वाटली नाही.

१९७२ च्या उन्हाळ्यात मर्सर आर्ट्स सेंटर या नाट्यगृहसंकुलातल्या ऑस्कर वाइल्ड यांच्या नावाच्या खोलीत त्यांचे नियमित कार्यक्रम सुरू झाले. श्रोत्यांत अँडी वॉरहॉलच्या गोतावळ्यातले कलावंत, भडक प्रहसने करणाऱ्या ‘रिडिक्युलस’ नाट्यपंथातले नट, स्त्रीवेषात वावरणारे पुरुष आणि उपनगरांतून लोकल पकडून आलेली पोरे असा सरमिसळ जमाव असे. डॉल्सनी स्त्रीवेषाची भाषा या नटांकडून घेतली, पण तिचा अर्थ बदलला. स्त्रीपार्टी नट प्रेक्षकाला पुरुषाचा विसर पाडतो, त्यातच त्याचे कसब असते. डॉल्सच्या बाबतीत गालावरच्या रंगाखालचे राकट पोर कधीच दिसेनासे होत नाही. जोहान्सनचा घोगरा, मस्तीखोर आवाज आणि उंच टाचांच्या बुटांवर अडखळणारा केन यांमुळे सोंग आणि सोंगाड्या दोघेही एकाच वेळी नजरेसमोर राहतात. त्या काळच्या अनेक रेकॉर्ड कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना हे एक तर अश्लील वाटले किंवा निव्वळ पोरकट, आणि म्हणून न्यूयॉर्कभर चर्चा असूनही करारासाठी कोणी पुढे येईना.

ऑक्टोबर १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये वेम्बलीच्या एम्पायर पूल सभागृहात फेसेस या नामांकित बँडच्या आधी वाजवण्याची संधी त्यांना मिळाली. तोवर ज्यांची एकही तबकडी निघाली नव्हती, त्यांच्यासाठी ही फार मोठी उडी होती. मात्र त्याच दौऱ्यात, ६ नोव्हेंबरला, लंडनमधल्या एका मेजवानीत मादक गोळ्या आणि दारू यांच्या परिणामाने बिली मर्सियाचा मृत्यू झाला. तो २१ वर्षांचा होता. बोवीने पुढच्या वर्षीच्या ‘अलॅडिन सेन’ या अल्बममधल्या ‘टाइम’ या गाण्यात त्याचा उल्लेख केला आहे. मर्सियाच्या जागी ब्रुकलिनचा जेरी नोलन आला. तो त्या चौघांपेक्षा वादनात मुरलेला होता, आणि अल्बमवर जी काही शिस्त ऐकू येते ती बव्हंशी त्याच्या हातांची आहे. अखेर मर्क्युरीमध्ये नवे कलावंत हेरण्याचे काम करणारा पॉल नेल्सन याने वरिष्ठांची मनधरणी करून हा करार घडवून आणला. नेल्सन मुळात संगीतसमीक्षक होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या अल्बमला बाजारापेक्षा समीक्षकांनीच अधिक जपले, आणि त्या जपणुकीची सुरुवात अशी करारपत्रापासूनच झाली.

ध्वनिमुद्रण एप्रिल १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत झाले. निर्माता, म्हणजे मुद्रणाची कलात्मक जबाबदारी सांभाळणारा माणूस, म्हणून टॉड रंडग्रेनची निवड झाली होती. आदल्याच वर्षी ‘समथिंग/एनिथिंग?’ या दुहेरी अल्बममधली बहुतेक वाद्ये एकट्याने वाजवून त्याने नाव मिळवले होते. सुरांच्या गोडव्याचा आणि स्टुडिओतल्या कारागिरीचा हा भोक्ता. त्याच्या हाती सूर लावण्याचीही फिकीर न करणारी ही टोळी देणे म्हणजे शास्त्रोक्त गवयाला गल्लीतल्या बँजोपथकाची तालीम घ्यायला बसवण्यासारखे होते. सुमारे आठ दिवसांत आणि त्या काळच्या मानानेही तुटपुंज्या म्हणजे सुमारे १७ हजार डॉलरच्या खर्चात काम उरकले गेले. स्टुडिओत बाहेरच्या मंडळींचा राबता असे, आणि ध्वनिमिश्रण, म्हणजे वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्ये व आवाज एकत्र आणून त्यांची पातळी ठरवण्याचे काम, घाईघाईत पार पडले. थंडर्स आणि नोलन यांनी नंतर अनेकदा रंडग्रेनला दोष दिला. गिटारांची धार त्याने बोथट केली अशी त्यांची तक्रार होती. या वादात समीक्षकही दोन बाजूंना विभागले गेले आहेत. एका बाजूच्या मते नीट मिश्रण झाले असते तर अल्बम चालला असता. दुसरी बाजू असे म्हणते की दोन गिटार एकमेकांच्या अंगावर चढल्याचा जो गलका ऐकू येतो, तोच या अल्बमचा प्राण आहे. अल्बम लक्षपूर्वक ऐकला तर दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटते. रंडग्रेनने गाणी सुधारण्याचा मोह टाळला, एवढेच नव्हे तर ज्या जागी पियानोचा ठोका किंवा पाठीमागचा सामूहिक आवाज हवा होता तेवढ्याच जागी तो दिला. तक्रार खरी असेलही, पण गोंगाटातून गाणे हरवू न देण्याचे त्याचे श्रेय कमी होत नाही.

हे पहिल्याच गाण्यात तपासून पाहता येते. ‘पर्सनॅलिटी क्रायसिस’ गिटारच्या एका सरकत्या आघाताने सुरू होते, त्यावर सिल्व्हेनचा पियानो जुन्या दारूच्या गुत्त्यातल्यासारखा ठणठणत येतो, आणि पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी जोहान्सन नुसता कोल्ह्यासारखा ओरडतो. रिफ, म्हणजे गाण्याचा कणा असणारा आणि पुन्हापुन्हा येणारा गिटारचा लहान तुकडा, सरळ चक बेरीच्या घराण्यातला आहे; त्यात नवे काहीच नाही. नवे आहे ते त्याच्याकडे पाहण्याचे धारिष्ट्य. गाण्याच्या मध्ये सगळी वाद्ये एकाएकी थांबतात, ऐकणाऱ्याला गाणे संपले असे वाटते, आणि मग पुन्हा एकदा सगळे मिळून त्यावर तुटून पडतात. व्यक्तिमत्त्वाची फाटाफूट हा गाण्याचा विषय आहे, आणि त्याची रचनाही मधोमध फाटलेली आहे.

उरलेल्या दहा गाण्यांत सारखी गुणवत्ता नाही. ‘प्रायव्हेट वर्ल्ड’ आणि ‘बॅड गर्ल’ ही दोन गाणी उत्साहावरच तरली आहेत. परंतु ‘लुकिंग फॉर अ किस’ची सुरुवात बारकाईने ऐकण्याजोगी आहे. साठच्या दशकाच्या मध्यावर क्वीन्सच्याच शांग्री-लाज या मुलींच्या गटाने प्रेमात पडलेल्या पोरींच्या कुजबुजीची जी गाणी लोकप्रिय केली, त्यांतल्या एका गाण्याचा उद्गार जोहान्सन इथे जशाच्या तशा ठसक्यात उचलतो आणि मग अमली पदार्थांत बुडालेल्या मित्रांच्या गर्दीत साध्या चुंबनाचा शोध घेणाऱ्या पोराची कहाणी सांगू लागतो. ‘पिल्स’ हे बो डिडली या कृष्णवर्णीय रॉक अँड रोल कलावंताचे गाणे आहे. ‘व्हिएतनामीज बेबी’ मुद्रित झाले तेव्हा अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनाममधून परतून जेमतेम काही आठवडे झाले होते. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या नावापुढे ‘मूळ’ या अर्थाची खूण छापलेली आहे, कारण एडगर विंटर ग्रुपचे त्याच नावाचे वाद्यगीत त्या वर्षी विक्रीयादीच्या शिखरावर पोहोचले होते आणि नाव आपलेच आधीचे आहे हे डॉल्सना बजावून सांगायचे होते. सहा मिनिटांचे हे लांबलचक गाणे शहराने घडवलेल्या विद्रूप जिवाविषयी आहे, आणि शब्दांच्या दृष्टीने अल्बममधले सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे.

अल्बमच्या कव्हरने मात्र गाण्यांवर मात केली. तोशी मात्सुओ यांनी टिपलेल्या कृष्णधवल छायाचित्रात पाच जण एका सोफ्यावर दाटीवाटीने बसलेले आहेत. केस फुगवलेले, ओठ रंगवलेले, उंच टाचांचे बूट कॅमेऱ्यापुढे आलेले. वर बँडचे नाव लिपस्टिकने गिरवल्यासारख्या गुलाबी अक्षरांत आहे, आणि त्या अक्षरांखेरीज चित्रात दुसरा ठळक रंग नाही. दुकानात हे कव्हर हातात घेतलेल्या अमेरिकन ग्राहकाने तबकडी न ऐकताच बँडविषयी मत बनवले असणार. मागच्या बाजूचे छायाचित्र त्यामानाने दुर्लक्षित राहिले. तेच पाच जण त्यांच्या रोजच्या रंगमंचीय कपड्यांत मॅनहॅटनमधल्या सेंट मार्क्स प्लेस आणि दुसरा अ‍ॅव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरच्या ‘जेम स्पा’ या दुकानासमोर उभे आहेत. वर्तमानपत्रे, सिगारेटी आणि ‘एग क्रीम’ नावाचे न्यूयॉर्कचे खास पेय विकणारी ही नाक्यावरची टपरीवजा जागा. पुढच्या कव्हरवरची बाहुली मागच्या कव्हरवर नाक्यावरचे टोळके होते, आणि दोन्ही बाजू मिळूनच बँडची खरी ओळख पुरी होते.

स्वागत दुभंगलेले होते. ‘क्रीम’ मासिकाच्या वाचकांनी १९७३ च्या मतदानात त्यांना सर्वोत्तम नवा बँड आणि सर्वांत वाईट नवा बँड असे दोन्ही किताब दिले. नोव्हेंबरमध्ये बीबीसीच्या ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या गंभीर रॉकच्या कार्यक्रमात त्यांनी वाजवल्यावर सूत्रसंचालक बॉब हॅरिसने हसत हसत त्यांची ‘नकली रॉक’ अशी संभावना केली. उलट न्यूयॉर्कचा समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ याने अल्बमला आपली सर्वोच्च श्रेणी दिली, आणि ‘निर्जन बेटावर एकच तबकडी न्यायची तर कोणती’ या प्रश्नावर ग्रील मार्कसने संपादित केलेल्या ‘स्ट्रँडेड’ या १९७९ च्या ग्रंथात याच अल्बमवर दीर्घ निबंध लिहिला. हॅरिसचा शेरा आता त्याच्याच नावावर डाग म्हणून सांगितला जातो. पण न्याय करायचा तर त्याचे निरीक्षण चुकीचे नव्हते. तो नकली रॉकच होता, आणि ते त्यांनी कव्हरवरच लिहून ठेवले होते. हॅरिसची चूक एवढीच की नकलीपणा हा दोष आहे असे त्याने गृहीत धरले.

आता वारशाचा प्रश्न. पंकचे इतिहासकार या अल्बमवर हक्क सांगतात त्याला सबळ आधार आहेत. अल्बम निघून बरोबर आठवडा झाला तेव्हा, ३ ऑगस्ट १९७३ रोजी, मर्सर आर्ट्स सेंटर ज्या जुन्या हॉटेलच्या इमारतीत होते ती कोसळली, आणि जागा गमावलेल्या नव्या बँडांना वर्षअखेरीस उघडलेला सीबीजीबी हा क्लब हळूहळू घरासारखा झाला. रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडच्या पोरांनी डॉल्सना पाहूनच ‘वाजवता येत नसले तरी चालते’ हा धडा घेतला. लंडनचा कपडेविक्रेता माल्कम मॅक्लारेन याने १९७५ च्या आरंभी डॉल्सची शेवटची व्यवस्था पाहिली, त्यांना लाल चामड्याचे कपडे घातले आणि मागे कोयता-हातोड्याचा झेंडा लावला. हा प्रयोग सपशेल फसला, फ्लोरिडातल्या दौऱ्यात थंडर्स आणि नोलन बाहेर पडले, आणि मॅक्लारेन सिल्व्हेनची पांढरी लेस पॉल गिटार घेऊन लंडनला परतला. ती गिटार सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडमधल्या स्टीव्ह जोन्सच्या गळ्यात आली. याहून थेट वारसाहक्क दाखवणे अवघड आहे.

तरीही ‘पंकपूर्व’ हे विशेषण या अल्बमला अपुरे पडते, कारण त्यात उत्तरकाळाच्या चष्म्यातून पूर्वकाळ वाचला जातो. पंकने भूतकाळ नाकारला; डॉल्सना भूतकाळाचा पुळका होता. शांग्री-लाज, बो डिडली, शिकागोचे ब्लूज आणि मुलींच्या गटांचे नाट्यमय उसासे यांवर त्यांचे मनापासून प्रेम होते, इतके की दुसऱ्या अल्बमसाठी त्यांनी शांग्री-लाजची गाणी घडवणारा शॅडो मॉर्टन हाच निर्माता निवडला. १९७४ चा तो ‘टू मच टू सून’ पहिल्यापेक्षाही कमी खपला. पंकमधला राग त्यांच्यात जवळजवळ नाहीच. आहे तो चहाटळपणा आणि त्याखाली लपवलेली हुरहूर. ‘लोनली प्लॅनेट बॉय’मध्ये सॅक्सोफोनच्या सोबतीने जोहान्सन जे हलके कुजबुजतो, त्याला पंकच्या वंशावळीत कुठलीही जागा नाही.

शिवाय पंकवर सारा भर दिल्याने दुसरी एक शाखा झाकली जाते, जी समीक्षकांना फारशी प्रतिष्ठित वाटत नाही. न्यूयॉर्कच्याच किस या बँडने डॉल्सच्या वेषाशी आपण स्पर्धा करू शकणार नाही हे ओळखून चेहरे पूर्ण रंगवण्याचा मार्ग धरला आणि त्यावर अफाट पैसा मिळवला. डॉल्सच्या मुद्रणावर तंत्रज्ञ म्हणून काम केलेल्या जॅक डग्लसने पुढे एरोस्मिथचे ‘टॉइज इन द अ‍ॅटिक’ आणि ‘रॉक्स’ हे अल्बम घडवले, आणि एरोस्मिथचे व्यवस्थापन लेबर व क्रेब्स या डॉल्सच्याच व्यवस्थापकांकडे होते. फिनलंडच्या हॅनोय रॉक्समार्फत हा धागा लॉस एंजेलिसच्या ऐंशीच्या दशकातल्या रंगीत केसांच्या हेवी मेटलपर्यंत, म्हणजे मॉटली क्रू आणि सुरुवातीच्या गन्स अँड रोझेसपर्यंत जातो. मॅंचेस्टरचा मॉरिसी आणखी वेगळ्या वाटेने गेला. त्याने किशोरवयात डॉल्सचा इंग्लंडमधला चाहतामंच चालवला, १९८१ मध्ये त्यांच्यावर छोटे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या स्मिथ्स या बँडमधली हळवी, तिरकस पौरुषहीनता डॉल्सच्या कुजबुजीशी अधिक जवळची आहे. ‘जपान’ या इंग्लिश बँडमधल्या दोन भावांनी तर सिल्व्हियन आणि जॅन्सन ही आडनावेच डॉल्सवरून घेतली. एकाच अल्बमातून लेदर जॅकेटवाले, मस्काराचे मेटलवाले आणि हळवे कवी अशा परस्परांना न ओळखणाऱ्या तीन पिढ्या निघाव्यात हे एरवी अनाकलनीय वाटले असते. पण कव्हरच्या दोन बाजू ज्याने नीट पाहिल्या त्याला त्यात फार आश्चर्य वाटणार नाही.

अल्बमच्या कर्त्यांच्या वाट्याला मात्र यातले थोडेच आले. थंडर्स १९९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स इथे आणि नोलन १९९२ च्या जानेवारीत वारला. जोहान्सनने बस्टर पॉइनडेक्स्टर हे टोपणनाव घेऊन १९८७ मध्ये ‘हॉट हॉट हॉट’ हे लग्नसमारंभांत वाजणारे गाणे लोकप्रिय केले. केन मॉर्मन पंथात गेला आणि लॉस एंजेलिसमध्ये त्या पंथाच्या वंशावळींच्या ग्रंथालयात काम करू लागला. जून २००४ मध्ये मॉरिसीच्या आग्रहावरून उरलेले तिघे लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पुन्हा एकत्र आले. महिनाभरातच, १३ जुलैला, रक्ताच्या कर्करोगाने केनचे निधन झाले. सिल्व्हेन जानेवारी २०२१ मध्ये आणि जोहान्सन फेब्रुवारी २०२५ मध्ये गेला. सोफ्यावरच्या पाचांपैकी आता कोणीही उरलेले नाही, आणि जेम स्पादेखील २०२० मध्ये बंद झाले.

ध्वनिमिश्रणाच्या वादाला मात्र एक विलक्षण पुरवणी मिळाली. पुनर्मीलनानंतर जोहान्सन आणि सिल्व्हेन यांनी २००९ चा ‘कॉज आय सेज सो’ हा अल्बम हवाईमधल्या कौआई बेटावर पुन्हा रंडग्रेनकडेच मुद्रित केला, आणि त्यात १९७३ च्या ‘ट्रॅश’ या गाण्याला रेगे, म्हणजे जमैकाच्या संथ, उलट्या ठेक्याच्या संगीताचा बाज दिला. ज्या गाण्यात पूर्वी गिटार, ड्रम आणि पाठीमागचे आवाज एकमेकांना ढकलत धावत होते, त्याच गाण्यातला प्रत्येक शब्द आणि प्रत्येक वाद्य आता वेगळे, स्वच्छ ऐकू येते. निर्माता तोच, गायक तोच, घाई नाही. या आवृत्तीत जोहान्सन शांतपणे गातो, आणि पस्तीस वर्षांपूर्वी ज्या ओळींच्या शेवटी तो धापा टाकत होता तिथे त्याला श्वास घ्यायला भरपूर सवड मिळते.